साठा, प्रवाह आणि उशीर : आरोग्यधोरणासाठी पहिलं सिम्युलेशन मॉडेल कसं बांधावं

मुंबईच्या चाळीत किंवा बैठ्या वस्तीत वाढलेल्या माणसाला सिस्टिम डायनॅमिक्सची, म्हणजे एखादी व्यवस्था काळाबरोबर कशी बदलते ते मांडणाऱ्या पद्धतीची, बाराखडी वेगळी शिकवावी लागत नाही. मोरीतलं निळं पिंप त्याने पाहिलेलं असतं. पहाटे साडेपाचला पाणी येतं, सातला जातं, आणि दिवसभर तांब्या-तांब्याने पिंप रिकामं होतं. संध्याकाळी त्यात किती पाणी उरेल हे नुसत्या नळाच्या धारेवरून सांगता येत नाही. आलं किती, गेलं किती आणि आदल्या रात्रीचं शिल्लक किती, हे तिन्ही माहीत हवं. पाणी तळाला लागलं की आई ओरडते, ‘आज अर्ध्या बादलीत अंघोळ!’ म्हणजे पिंपातली पातळीच तांब्याला आवर घालते. पिंप हा साठा, नळ आणि तांब्या हे प्रवाह, आईचं ओरडणं हा फीडबॅक. त्यात उशीर मिसळला की या विषयाचं व्याकरण पुरं झालं. बाकी सगळा सराव.

आता त्याच पिंपाकडे डेंग्यूच्या बाजूने बघा. पाऊस लांबला की जूनमध्ये तानसा, भातसा, मोडकसागर तळाला गेलेले असतात. पाणीकपात जाहीर होते. लोक घरात एकाऐवजी दोन पिंपं भरून ठेवतात, तीही दोन-दोन दिवस न उपसता. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी घालायला असंच साठलेलं स्वच्छ पाणी शोधते, आणि आपल्या दमट हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कपातीचा निर्णय पाणी खात्याचा, डासांची जबाबदारी कीटकनाशक विभागाची, तापाचा रुग्ण दवाखान्याचा. तिघेही आपापलं काम नीट करतात आणि तरी साथ येते. ही तीन टेबलं एका कागदावर आणणं हे मॉडेलचं काम. ‘पुढल्या ऑगस्टमध्ये किती रुग्ण?’ हे भविष्य सांगण्याचं काम त्याच्याकडे देऊ नका, फसाल.

ही पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर या विद्युत अभियंत्याने उभी केली. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कामगारभरती आणि कपातीच्या लाटा का येतात, हे त्यांनी वहीत हाताने आकडे मांडून दाखवलं. बाजारात चढउतार नसतानाही कारखान्याच्या स्वतःच्या नियमांमुळे त्या लाटा उठत होत्या. आपलं आरोग्य खातं पुष्कळदा त्या कारखान्यासारखंच वागतं, म्हणून हा किस्सा सांगितला. संगणक नंतर आला. तुम्हीही वहीपासूनच सुरुवात करा.

खालच्या पायऱ्या मी क्षयरोगाचं, म्हणजे टीबीचं उदाहरण धरून सांगतो. मुंबईत टीबीचं ओझं आणि त्यातही औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचं ओझं मोठं आहे. शिवाय टीबीत साठे, प्रवाह आणि उशीर इतके ठळक दिसतात की नवख्याला दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

पायरी पहिली : प्रश्न लहान करा

‘टीबी कसा संपवावा?’ यावर मॉडेल बांधता येत नाही. यावर भाषण करता येतं. ‘आपल्या हेल्थ पोस्टच्या (पालिकेच्या वस्तीपातळीवरच्या आरोग्य केंद्राच्या) हद्दीत एक्स-रे व्हॅन आणून रुग्णशोध दुप्पट वेगाने केला, तर पुढच्या दीड वर्षात उपचाराखालच्या रुग्णांची संख्या कशी बदलेल आणि आपल्या माणसांना ती झेपेल का?’ हा मॉडेलचा प्रश्न. त्यात जागा आहे, मुदत आहे, कोणता निर्णय घ्यायचा आहे ते आहे आणि काय मोजायचं तेही आहे.

प्रश्न लिहून झाला की एका कोऱ्या कागदावर आडवी काळाची रेघ ओढा आणि तुम्हाला वाटतं तसा आलेख हाताने काढा. गेल्या दोन वर्षांत काय झालं, पुढे काय व्हावं असं वाटतं आणि काय होईल अशी भीती वाटते. ही तिसरी रेघ सगळ्यात मोलाची, कारण मीटिंगमध्ये ती सहसा कुणी काढत नाही. कागद जपून ठेवा. मॉडेल चालल्यावर ताडून बघायला लागेल.

पायरी दुसरी : माणसं बोलवा

माझं पहिलं मॉडेल मी तीन आठवडे एकट्याने लॅपटॉपवर केलं. ६० हून जास्त चलं (म्हणजे बदलणाऱ्या राशी), रंगीत बाण, बघणाऱ्याला वाटावं कुर्ल्याच्या स्टेशनवरचा पूल. ते एका बैठकीत दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी मागे बसलेल्या एक टीबी हेल्थ व्हिजिटर (रुग्णांच्या घरी जाऊन उपचारावर लक्ष ठेवणाऱ्या) ताई म्हणाल्या, ‘सर, यात गाव कुठंय?’

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यात, गणपतीत, छटपूजेला, ईदला पेशंट गावी जातात. कोकणात गेलेला पंधरा दिवसांत परत येतो, बिहारला गेलेला दोन महिन्यांनी. कुणी गोळ्या बरोबर घेऊन जातं, कुणी नाही. रजिस्टरमध्ये मात्र दोघेही ‘उपचार सुटलेले’च दिसतात. माझ्या ६० चलांत गाव नव्हतं. त्या दिवसापासून मी लॅपटॉप उघडण्याआधी माणसं बोलवतो.

चार-पाच जण पुरतात. एक हेल्थ व्हिजिटर, एखादी आरोग्यसेविका किंवा सीएचव्ही (वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका), हद्दीतला खासगी डॉक्टर (लोक खोकल्यासाठी आधी त्याच्याकडेच जातात), हेल्थ पोस्टचे वैद्यकीय अधिकारी आणि जमलं तर उपचार पूर्ण केलेला एखादा रुग्ण. वेळ दुपारी दोननंतरची ठेवा, ओपीडी संपलेली असते. साहेब खोलीत असताना ताया बोलत नाहीत, हे मॉडेलिंगच्या पुस्तकात नसतं पण खरं असतं. म्हणून पहिला तासभर साहेबांशिवाय बसा. कोऱ्या कागदाचा मोठा ताव आणि चिकट चिठ्ठ्या यापलीकडे काही लागत नाही. चहा मात्र लागतो.

पायरी तिसरी : साठे आणि प्रवाह वेगळे करा

नवखा माणूस सगळ्यात जास्त चुकतो ते इथे. ओळखायची खूण सोपी आहे. घड्याळ थांबवलं, रस्त्यावरचा माणूस जागच्या जागी गोठला, तरी मोजता येतो तो साठा. ‘दर महिन्याला’, ‘दर दिवसाला’ असं म्हटल्याशिवाय ज्याला अर्थच नाही तो प्रवाह. आज उपचाराखाली असलेले रुग्ण हा साठा. महिन्याला नव्याने सापडलेले रुग्ण हा प्रवाह.

वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘टीबीचे रुग्ण वाढले’. तो आकडा बहुतेकदा नोंदणीचा असतो. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही टीबीची नोंद कळवणं बंधनकारक आहे आणि ती सरकारच्या निक्षय पोर्टलवर जाते. नोंदणी हा प्रवाह आहे, आणि तो ‘न सापडलेले’ या पिंपातून बाहेर पडणारा प्रवाह आहे. तो वाढला म्हणजे तांब्या जोरात चालतोय. पिंपातलं पाणी त्या वेळी कमीही होत असेल. रुग्णशोध चांगला करणाऱ्या वॉर्डाचा आकडा फुगतो आणि आढावा बैठकीत त्यालाच ‘तुमच्याकडे एवढे कसे?’ म्हणून विचारलं जातं. साठा-प्रवाहाचा हा घोळ नुसता शाब्दिक नाही. त्याने चांगली माणसं कामातून मन काढून घेतात.

आपल्या मॉडेलात सुरुवातीला तीन साठे पुरे : वस्तीतले न सापडलेले रुग्ण, उपचाराखालचे रुग्ण आणि उपचार मध्येच सोडलेले रुग्ण. प्रवाह चार : नव्याने आजारी पडणारे, निदान होणारे, उपचार पूर्ण करणारे आणि सोडून जाणारे. मृत्यू, आपोआप बरे होणारे, बाहेरून येणारे, गावी जाऊन परतणारे हे सगळं खरं आहे. पण पहिल्या फेरीत ते कागदाच्या कडेला लिहून ठेवा. गावाला दुसऱ्या फेरीत नक्की आत घ्या, नाहीतर कुणीतरी ताई विचारतीलच.

पायरी चौथी : फेरे काढा

आता कशामुळे काय वाढतं, काय घटतं ते बाणांनी जोडा. फेरे दोनच जातींचे. एक वाढवणारा : न सापडलेले रुग्ण जास्त, तर संसर्ग जास्त, तर काही काळाने रुग्ण आणखी जास्त. सावकाराच्या व्याजासारखा. दुसरा आवरणारा : न सापडलेले जास्त असले की शोधमोहिमेत जास्त सापडतात, म्हणून न सापडलेले घटतात. पिंप आणि आईसारखा.

तिसरा एक फेरा आहे, तो कागदावर आल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. रुग्ण जास्त सापडले की उपचाराखालचा साठा फुगतो. व्हिजिटरची संख्या तेवढीच, म्हणून एकेका रुग्णाच्या वाट्याला येणारा वेळ घटतो. घरी फेरी होत नाही, उलट्या होतात म्हणून गोळ्या बंद केलेल्या पेशंटला कुणी समजावत नाही, तो सुटतो. सुटलेला पुन्हा वस्तीत खोकत फिरतो, आणि अर्धवट उपचारामुळे त्याचा जंतू औषधाला सरावण्याचा धोका असतो. म्हणजे शोधमोहीम यशस्वी झाली म्हणूनच हा फेरा जागा झाला. हा फेरा किती जोरात फिरतो हे बाणांवरून कळत नाही. त्यासाठी आकडे लागतात.

पायरी पाचवी : एक्सेल उघडा

खालचे आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी मनाने घेतले आहेत, कुठल्याही वॉर्डाचे नाहीत. तुम्ही तुमचे घाला.

समजा हद्दीत १२० न सापडलेले रुग्ण आहेत. महिन्याला २० नवे आजारी पडतात. लक्षणांपासून निदानापर्यंत सरासरी ६ महिने जातात. मग महिन्याला सापडणारे किती? साठा भागिले उशीर : १२० भागिले ६, म्हणजे २०. येणारे २०, जाणारे २०, पिंपाची पातळी स्थिर. उपचार ६ महिन्यांचा, म्हणून उपचाराखालचे १२०, त्यातले महिन्याला २० बरे होऊन बाहेर. सगळं शांत, आणि आढावा बैठकीत सगळं ठीक. १२० माणसं वस्तीत न सापडता खोकतायत, तरीही ठीक!

आता व्हॅन आली आणि उशीर ६ महिन्यांवरून ३ वर आला. एक्सेलमध्ये प्रत्येक महिन्याला एक ओळ करा. ‘सापडले’ म्हणजे आधीचे न सापडलेले भागिले ३. ‘नवे न सापडलेले’ म्हणजे आधीचे अधिक २० वजा सापडले. ‘उपचाराखाली’ म्हणजे आधीचे अधिक सापडले वजा आधीच्याचा सहावा हिस्सा. हे सूत्र खाली ओढत न्या.

पहिल्या महिन्यात ४० सापडतात, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. न सापडलेले १२० वरून १००, ८७, ७८, ७२ असे उतरत पुढे ६० वर स्थिरावतात. छान. उपचाराखालचे मात्र १२० वरून १४०, १५०, १५४ असे चढतात, चौथ्या महिन्याच्या अखेरीस १५४ वरच माथा गाठतात आणि मग हळूहळू उतरून दीड-दोन वर्षांत पुन्हा १२० जवळ येतात. म्हणजे कायमची जादा माणसं लागणार नाहीत, पण काही महिने सव्वापटीहून जास्त काम पडणार. हे मोहिमेच्या आधी माहीत असणं आणि चौथ्या महिन्यात कळणं यात फरक आहे.

आता तिसरा फेरा आत घाला. नियम असा धरू : उपचाराखालचे १३० पर्यंत असले तर आपली माणसं सगळ्यांकडे पोहोचतात आणि कुणी सुटत नाही. त्यापुढे गेले की महिन्याला ५ टक्के सुटतात. एक्सेलमध्ये एक ‘जर-तर’ सूत्र लागेल, एवढंच.

पुन्हा चालवा. दुसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दर महिन्याला सुमारे सात जण सुटतात. पाच महिन्यांत मिळून ३५. त्याच सहा महिन्यांत न सापडलेले १२० वरून ६५ वर आले, म्हणजे त्या पिंपातून ५५ माणसं कमी केली आणि दुसऱ्या पिंपात ३५ टाकली, तीही अर्ध्या उपचाराची.

पण मला हादरवलं ते दुसऱ्याच रकान्याने. उपचाराखालच्यांचा आलेख आता १५४ वर जात नाही, १४३ वरच थांबतो आणि लवकर उतरतो. रजिस्टर बघणाऱ्याला वाटेल, ओझं आपण झेललं की! ओझं कमी झालं ते माणसं निघून गेली म्हणून. नुसता हा एक रकाना बघून शाबासकी देणारे साहेब मी बघितले आहेत, आणि एकेकाळी मी स्वतःही दिली आहे.

आता तीन धोरणं तपासा. एक, व्हॅन आणा, माणसं तेवढीच : ३५ सुटतात. दोन, व्हॅनबरोबर एक जादा व्हिजिटर मागा म्हणजे १३० ची मर्यादा १६० होईल. पण कंत्राटी भरतीची फाइल फिरून माणूस पाचव्या महिन्यात रुजू होतो असं धरा : तोवर २१ सुटलेले असतात. तीन, आधी माणूस घ्या आणि मग व्हॅन आणा : शून्य. खर्चाचे मथळे बहुतेक तेच आहेत. बदलला तो क्रम. मॉडेलकडून मिळालेली कामाची उत्तरं माझ्या अनुभवात बहुधा अशीच असतात : ‘काय करावं’पेक्षा ‘कशाच्या आधी काय करावं’ हे सांगणारी.

पायरी सहावी : उशिराला मान द्या

चाणाक्ष वाचकाने आत्तापर्यंत विचारलं असेल : न सापडलेले निम्मे झाले तर संसर्ग घटेल, मग नवे आजारी पडणारे २० वरच कसे राहिले?

टीबीचा स्वभाव इथे आडवा येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, उपचार न झालेला रुग्ण वर्षभरात निकटच्या सहवासातल्या ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. पण संसर्ग झाला म्हणजे लगेच आजार नाही. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्केच आजारी पडतात. बरेचसे पहिल्या दोन वर्षांत, काही वीस वर्षांनी. म्हणजे मध्ये ‘संसर्ग आहे पण आजार नाही’ असा एक प्रचंड साठा आहे, समुद्रासारखा, आणि त्यातून रुग्ण ठिबकत असतात. आज तांब्या दुप्पट वेगाने चालवलात तरी हा समुद्र सहा महिन्यांत आटत नाही. म्हणून दीड वर्षाच्या मॉडेलात मी २० हा आकडा जागचा हलवला नाही. दहा वर्षांचं मॉडेल असेल तर हा चौथा साठा घ्यावाच लागेल.

याचा धोरणाशी संबंध थेट आहे. मोहिमेचं ओझं तीन-चार महिन्यांत अंगावर येतं. नव्या रुग्णांची संख्या घटण्याचा फायदा काही वर्षांनी दिसतो. अधिकाऱ्याची बदली साधारण या दोहोंच्या मध्ये होते. नवीन आलेले साहेब चढलेला आलेख बघतात, ‘मोहिमेचा उपयोग झाला नाही’ म्हणतात आणि व्हॅन दुसरीकडे जाते. मॉडेल हातात असेल तर निदान सांगता येतं, की आलेख चढणारच होता, आणि हे आपण मोहिमेच्या आधी लिहून ठेवलं होतं.

उशीर डेंग्यूत दिवसांचा असतो, पण खेळ तोच. डासाने विषाणू घेतल्यावर तो चावून पसरवण्याजोगा व्हायला आठ-बारा दिवस. माणसाला चावल्यावर ताप यायला चार-दहा दिवस. मग ‘बघू दोन दिवस’, मग गल्लीतला डॉक्टर, मग तपासणी, मग अहवाल, मग धूरफवारणीची गाडी. गाडी इमारतीत पोहोचते तेव्हा ज्या डासाने हे सुरू केलं तो बहुधा मेलेला असतो आणि त्याच्या पिढीने दुसरी इमारत गाठलेली असते. हे सगळे उशीर एका रेघेवर मांडून बेरीज करा. धूर आणि पिंप रिकामं करणं यात कशाला आधी पैसे द्यायचे, याचं उत्तर त्या बेरजेतच सापडतं. त्यासाठी मॉडेलही लागत नाही कधीकधी.

पायरी सातवी : मॉडेलवर संशय घ्या

मुंबईकरांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. साथीच्या गणिताचा ज्याला पाया मानतात तो करमॅक आणि मॅकेन्ड्रिक या शास्त्रज्ञांचा १९२७ चा निबंध. त्यात सूत्र ताडून बघायला घेतलेले आकडे मुंबई बेटावरचे आहेत : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू. वक्ररेषा आकड्यांवर सुरेख बसली. पण प्लेग पसरत होता उंदरांतून आणि पिसवांतून, आणि मुंबईत तो दरवर्षी ठरावीक ऋतूत उसळायचा. त्या सूत्रात उंदीरही नव्हते आणि ऋतूही. आपली गृहीतकं इथे काटेकोर लागू होत नाहीत, हे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलं. तेव्हा तुमची रेघ गेल्या वर्षीच्या आकड्यांवर तंतोतंत बसली की पेढे वाटू नका. बसणारी रेघ चुकीच्या कारणानेही बसते.

मग तपासायचं कसं? आधी एककं. माणसं, माणसं दर महिना, महिने यांचा गुणाकार-भागाकार जुळतो का? माझ्या निम्म्या चुका इथेच सापडतात. मग टोकाचे आकडे घाला. नवे आजारी पडणारे शून्य केले तर न सापडलेले हळूहळू शून्याकडे जातात का? ऋणात गेले तर सूत्र चुकलं. वस्तीत वजा दहा रुग्ण नसतात. मग पाऊल, म्हणजे एक्सेलच्या एका ओळीत धरलेला काळ, लहान करा. आपण एक महिन्याचं पाऊल घेतलं, ते ३ महिन्यांच्या उशिराला खरं तर जरा मोठंच आहे. साधारण नियम असा, की पाऊल सगळ्यात लहान उशिराच्या पावपट किंवा त्याहून कमी असावं. पंधरवड्याचं पाऊल घेऊन पुन्हा चालवा. आकडे थोडे हलतील, गोष्ट तीच राहायला हवी. गोष्टच बदलली तर ती तुमच्या एक्सेलची होती, वस्तीची नव्हती.

आणि शेवटी ज्या आकड्याबद्दल खात्री नाही तो हलवून बघा. १३० ऐवजी ११० किंवा १५०. ५ टक्क्यांऐवजी २ किंवा ८. सुटणाऱ्यांची संख्या बदलेल. पण ‘आधी माणूस, मग व्हॅन’ हा क्रम यातल्या कशानेही उलटत नाही ना, ते बघा. उलटला तर तो एक आकडा नीट शोधून काढण्यासाठी पंधरा दिवस घालवणं योग्य ठरेल. नाही उलटला तर त्याच्या मागे लागू नका. आकडे मिळत नाहीत म्हणून मॉडेल अडतं ही तक्रार मी फार ऐकतो. कोणते आकडे लागतच नाहीत, हेही मॉडेलच सांगतं.

आकडे गोळा करताना एक पथ्य : रुग्णांची नावं, फोन, खोली नंबर काही घेऊ नका. तुम्हाला महिनावार बेरजा हव्यात, माणसं नकोत. टीबी झाल्याचं कळल्यावर मुलींची लग्नं अजून मोडतात. पेनड्राइव्हवरची एक यादी पुरते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात

तीन-चार साठ्यांपर्यंत एक्सेल पुरतं. त्यापुढे व्हेन्सिमची पीएलई आवृत्ती घ्या, शिकण्यासाठी ती फुकट आहे. इनसाइट मेकर ब्राउझरमध्येच चालतं, सायबर कॅफेतल्या संगणकावरही. स्टेला सुंदर आहे पण पैसे पडतात. पायथॉन येत असेल तर पायएसडी बघा. कुठलंही घ्या. सॉफ्टवेअर निवडण्यात महिना घालवलेली आणि मॉडेल एकही न बांधलेली मंडळी मला माहीत आहेत.

पायरी आठवी : बैठकीत काय न्यायचं

पूर्ण मॉडेल नेऊ नका. एक पान न्या. वर प्रश्न, मध्ये तीन धोरणांच्या तीन रेघा, खाली तुम्ही धरून चाललेल्या गोष्टींची यादी. ती यादी मोठ्या अक्षरांत हवी, तळटीपेत लपवलेली नको. ‘१३० ही मर्यादा आम्ही व्हिजिटरना विचारून धरली आहे’ असं लिहिलं की बैठकीतला कुणीतरी म्हणतो, ‘छे, शंभरच्या वर कुणाला झेपत नाही.’ उत्तम! लॅपटॉप उघडा, १०० घाला, सगळ्यांसमोर चालवा. त्या क्षणी मॉडेल तुमचं राहत नाही, खोलीचं होतं. मी बघितलेल्या बैठकांत निर्णय झाले असतील तर याच क्षणानंतर.

हे मोठ्या पातळीवरही चालतं. २००७ च्या सुमारास पोलिओबाबत जगभर एक वाद होता : रुग्ण इतके कमी झालेत, मग निर्मूलनाचा हट्ट सोडून नुसतं नियंत्रण ठेवलं तर स्वस्त पडेल का? किम्बर्ली थॉम्पसन या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडेलवर दाखवलं की रुग्ण घटले म्हणून जोर कमी केला, की रुग्ण पुन्हा वाढतात, पुन्हा जोर लावावा लागतो, आणि ही धरसोड शेवटी पैशांतही महाग पडते आणि लुळ्या पडलेल्या मुलांतही. म्हणजे तोच आवरणारा फेरा, आपण स्वतःच ढिला सोडलेला. भारतातला पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. त्याआधीची कितीतरी वर्षं आपल्याकडे घरोघरी, रेल्वे फलाटावर, एसटी स्टँडवर ‘दो बूंद’ पाजणाऱ्या बायका उभ्या होत्या, रुग्ण पूर्वीच्या मानाने फार कमी झाले होते तरी.

बैठक झाली, निर्णय झाला, की फाइल मिटू नका. मोहीम सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी खरे आकडे त्याच एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात भरा आणि फरक कुठे पडला ते लिहा. आमच्या गटात हे काम आम्ही त्याच ताईंकडे दिलं, ज्यांनी गाव कुठंय म्हणून विचारलं होतं. त्यांच्या हातची पहिली नोंद अशी आहे : ‘ऑगस्ट-सप्टेंबर. १४ सुटले दाखवतंय. त्यातले ९ गणपतीला गावी. ६ परत आले, गोळ्या चालू. मॉडेलमध्ये गावाचं पिंप वेगळं करा.’